माळकऱ्यांची वेगळी सोय

पांडुरंगा, गेल्या आषाढी एकादशीला सकाळी नऊ वाजता माझ्या हातात सॉसेजचा चिमटा होता. तू पाहिलंस की नाही, कोण जाणे. त्या दिवशी तुझ्या दारात इतकी रेटारेटी असते, की कॅलगरीतल्या एका कम्युनिटी सेंटरच्या पार्किंगमध्ये कोण कोणाला काय वाढतंय इकडे तुझं ध्यान नसलं तर नवल नाही. शिवाय तुझ्याकडे तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजलेले. म्हणून मीच सांगायला बसलोय. सहा महिने उशीर झाला खरा. पण उद्या आमच्या इथल्या मराठी मंडळाची बैठक आहे, आणि हे पोटात ठेवून तिथे गेलो तर मी नको ते बोलेन.

६ जुलै २०२५, रविवार. स्टॅम्पीडचा तिसरा दिवस. अंगात चौकडीचा शर्ट, डोक्यावर पांढरी काउबॉय टोपी, शर्टाच्या आत अण्णांची, म्हणजे वडिलांची, तुळशीची माळ. मी खरं तर संत्र्याच्या रसावर होतो. उपासाच्या माणसाला ती जागा बरी. सॉसेजवरचा गडी आपल्या पोराला घेऊन शौचालयाकडे गेला आणि व्यवस्था बघणाऱ्या बाईंनी जाता जाता मला तिकडे ढकललं. ‘पाचच मिनिटं.’ त्या पाच मिनिटांची चाळीस झाली. नाही म्हणता आलं असतं. एरवी मी म्हणतोच, आणि चांगलं ठणकावून म्हणतो. पण रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. पहिला म्हातारा कागदी थाळी पुढे करून उभा होता. शेजारचा त्यात दोन पॅनकेक टाकायचा, मी दोन सॉसेज. म्हातारा थाळीकडे बघून हसला. मी वाढलं.

चरबीचा एक थेंब उडून मनगटावर बसला. आधी पांढरा फोड आला, मग तपकिरी डाग पडला. अजून आहे, घड्याळाच्या पट्ट्याखाली. घरी येऊन हात चार वेळा धुतले, लिंबाची फोड चोळली आणि त्याच हाताने साबुदाण्याची खिचडी खाल्ली. घास तोंडाशी नेताना वास आला. नव्हता, तरी आला.

आणि सांगायचं आहे ते हे, की मला जे वाटलं ते तुझी एकादशी बाटली म्हणून नव्हे. ती किळस होती, निव्वळ किळस. डुकराची कीव मला त्या चाळीस मिनिटांत एकदाही आली नाही.

तुला हे स्टॅम्पीड म्हणजे काय ते ठाऊक असेल-नसेल. जुलैमधले दहा दिवस हे अख्खं शहर गुराख्याचं सोंग घेतं. वकील, बँकवाले, तेल कंपन्यांतले साहेब, सगळे बूट आणि टोप्या घालून हिंडतात. पहिलं स्टॅम्पीड १९१२ सालचं. न्याहारीची चाल १९२३ पासूनची: त्या वर्षी जॅक मॉर्टन नावाच्या एका गाडीवानाने आपल्या चक-वॅगनवरच्या शेगडीवर पॅनकेक भाजले आणि रस्त्याने येणाऱ्याजाणाऱ्याला खायला बोलावलं. तेव्हापासून दर मोहल्ल्यात, दर मॉलपुढे फुकट न्याहारी. कोणी नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. गावजेवणच की हे! मला त्यातलं तेच आवडतं. वीस वर्षांपूर्वी नवा नवा आलो तेव्हा पहिल्याच न्याहारीला जाऊन उभा राहिलो. तव्यावर डाव्या बाजूला बेकन, उजव्या बाजूला पॅनकेक, आणि मधून ओघळ. मी जमेल तशा इंग्रजीत अडचण सांगितली. तव्यावरच्या माणसाने प्रसन्नपणे उलथन्याने तवा खरवडला आणि म्हणाला, झालं शाकाहारी! मी पॅनकेक घेतला, आभार मानले, आणि कोपऱ्यावर जाऊन कचऱ्याच्या पिंपात टाकला. माझ्यामागे एक लहान मुलगी होती. तिने ते पाहिलं. त्या अन्नाचं पाप माझ्या खात्यावर मांडलेलं असेलच, म्हणून खुलासा करत नाही.

आता दिवस बदललेत म्हणा. २०१९ साली इथल्या सरकारी आहार मार्गदर्शिकेनेच लोकांना सांगितलं, की प्रथिनांसाठी वनस्पतींकडे अधिक वेळा वळा. न्याहारीत आता वेगळा तवा असतो, सोयाचे सॉसेज असतात. इस्माइली समाजाच्या स्टॅम्पीड न्याहारीला तर पॅनकेकशेजारी बराझी मिळते, म्हणजे नारळाच्या दुधातले तुरीचे दाणे, आफ्रिकेतून फिरून आलेले. ते खाताना मला माणदेशातली तूर आठवते. व्हेजच्या रांगेत माझ्यापुढे निळ्या केसांची पोरं उभी असतात, ज्यांनी एकादशी हा शब्द ऐकलेला नाही आणि ज्यांना त्या जनावराचं खरंच काहीतरी वाटतं. मी त्यांच्याकडे जरा वरून बघतो. आपण यातले जुने, पिढीजात. असं.

वीस वर्षं मी या देशात फॉर्मवर तुझं नाव लिहितोय, पांडुरंगा. ऑफिसची नाताळची मेजवानी, मुलीच्या शाळेचं शिबिर, कुठली परिषद, कोणाचं लग्न. ‘आहाराबाबत काही निर्बंध?’ खाली तीन चौकोन: ॲलर्जी, धार्मिक, इतर. ॲलर्जी म्हणावं तर खोटं. ‘इतर’ म्हटलं की सॅलडची पानं आणि एक सहानुभूतीचं हसू येतं. ‘धार्मिक’वर खूण केली की मात्र स्वयंपाकघरातून कोणीतरी बाहेर येऊन नीट चौकशी करतं, वेगळं झाकलेलं ताट येतं. म्हणून मी ‘धार्मिक’वर खूण करतो. तुझ्या नावावर मी आजवर किती पनीर खाल्लं असेल, हिशेब नाही, आणि माझा धंदा हिशेबाचाच आहे.

तुझ्या नावाची इथे काय किंमत आहे, ते मला एका निकालाने कळलं. २०१७ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश कोलंबियात वणवे पेटले होते. त्या एका हंगामात बारा लाख हेक्टर जंगल जळलं. ओंटारिओ प्रांतातून विझवायला जवान गेले, त्यांत एक वीगन होता. विल्यम्स लेकजवळच्या छावणीत दिवसभर आगीशी झुंजून यायचं आणि ताटात त्याने खावं असं पुरेसं काही नसायचं. असं काही दिवस चाललं. शेवटी तो भडकला, स्वयंपाक्यांवर ओरडला, शिव्या दिल्या. त्याला घरी धाडलं, निलंबित केलं. तो ओंटारिओच्या मानवाधिकार न्यायाधिकरणाकडे गेला, की माझी श्रद्धा डावलली. निकाल लागला २०२३ मध्ये. न्यायाधिकरणाने त्याचा प्रामाणिकपणा मानला, त्याच्या जगण्याला या विचाराने वळण दिलंय हेही मानलं. पण कायद्याच्या अर्थाने ही श्रद्धा नव्हे, असं ठरवलं. कारण तिच्यात ईश्वर आहे की नाही, या पलीकडे काही आहे की नाही, या प्रश्नाला हातच घातलेला नाही.

गंमत बघ. तू आहेस म्हटलं तरी चालतं, नाहीस म्हटलं तरी चालतं; पण तुझा विषय निघायला हवा.

मी हे रात्री स्वयंपाकघरात उभ्या उभ्या फोनवर वाचलं आणि आधी मला बरं वाटलं. माझी बाजू भक्कम आहे म्हणून. मग ते बरं वाटणं घशाशी आलं. त्या माणसाच्या मनात जनावर होतं. माझ्या मनात माझं ताट होतं. त्याने आगीच्या तोंडावरून येऊन उपाशी राहणं पत्करलं आणि मी एअरकंडिशन्ड हॉलमध्ये एक चौकोन रंगवला. आणि मी वकील नाही, पण साध्या माणसाला समजतं त्याप्रमाणे, कायदा माझ्या बाजूने उभा राहण्याचा संभव जास्त. का, तर मी तुला साक्षीला बोलावू शकतो.

बोलावलं तर येशील का? मला धाकधूक वाटते ती उलटतपासणीची. समोरचा वकील उठून म्हणाला, की साक्षीदार महाशय, सजन कसाई नावाच्या इसमाला आपण ओळखता का, तर काय सांगशील? तू खोटं बोलणार नाहीस. आमच्याकडच्या कीर्तनात तू त्याच्या दुकानात बसून त्याला मांस विकू लागतोस. उत्तरेकडे सांगतात, की त्याच्या तराजूत वजन म्हणून एक गोटा होता आणि तो निघाला शाळिग्राम. एका साधूच्या ते ध्यानात आलं, त्याला भडभडून आलं, त्याने तो गोटा मागून नेला, धुतला, न्हाऊ-माखू घातला, देव्हाऱ्यात ठेवला. आणि तू त्याच्या स्वप्नात गेलास, की मला परत नेऊन सोड. म्हणजे देव्हाऱ्यात तुला करमेना आणि मांसाच्या तराजूत तुला करमत होतं. अण्णा हे कीर्तन ऐकून आले की अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणायचे, ‘त्याचं त्यालाच ठावं.’ तेवढंच. पुढे चर्चा नाही.

अण्णांबद्दल मग बोलतो. आधी त्या गाणाऱ्या बाईचं सांगू दे, कारण तिचं नाव काढलं की इथे अजून कोणीतरी हसतं किंवा गप्प होतं. के. डी. लँग. याच अल्बर्टातल्या कॉन्सॉर्ट नावाच्या एवढ्याशा गावची. १९९० मध्ये ती एका जाहिरातीत गाईच्या शेजारी उभी राहिली आणि मांस खाऊ नका म्हणाली. गुरांच्या मुलखात! कित्येक रेडिओ केंद्रांनी तिची गाणी लावणं बंद केलं. गावाच्या वेशीवर तिच्या नावाची पाटी होती, ती लोकांनी विद्रूप केली, तिच्यावर घाणेरड्या शिव्या लिहिल्या. मी इतकी वर्षं त्याच मुलखात राहतो आणि माझ्या पाटीला कोणी बोट लावलेलं नाही. लावतील कशाला? मी कधी कोणाला काही म्हटलेलंच नाही. मला ताट हवं होतं. तिला गाय हवी होती.

कॅलगरीच्या दक्षिणेला तासाभराच्या आत हाय रिव्हर लागतं. तिथल्या कत्तलखान्यात दिवसाला साडेचार हजार गुरं कापली जातात. कॅनडाच्या बीफचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाटा तिथून निघतो. २०२० च्या एप्रिलमध्ये तिथे करोना शिरला आणि दोन हजारांच्या आसपास कामगारांपैकी नऊशेहून अधिक बाधित झाले, काही दगावले. पुष्कळसे फिलिपिनो, खांद्याला खांदा लावून सुऱ्या चालवणारे. त्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सॲपवर फिरत होतं, की बघा, मांसाहाराचे परिणाम. मीही पुढे पाठवलं. हात जोडलेल्या खुणेसह. आमचा शेजारी फिलिपिनो आहे. तो दुसरीकडे, एका गोदामात काम करतो. त्याच आठवड्यात त्याने न मागता आमच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढला होता, कारण माझी कंबर धरली होती. त्याच्या ओळखीतलं कोणी तिथे आहे का, हे मी त्याला आजतागायत विचारलेलं नाही.

आता मंडळाचं. इथे तू जरा सावरून बस.

२०१८ साली मी खजिनदार होतो. उन्हाळी सहलीच्या जेवणावरून दरवर्षी कुजबुज असायची, म्हणून मीच ठराव मांडला: मंडळाच्या पैशातून नॉनव्हेज नको. मुद्दे चोख होते. भांडी तीच, जी गणपतीच्या प्रसादाला वापरतो. खर्च कमी. आणि वर लंगरचा दाखला दिला: आपल्या दशमेश कल्चर सेंटरच्या गुरुद्वाऱ्यात जा, सगळे जमिनीवर बसून डाळ-रोटी खातात, खाणारेही आणि न खाणारेही, शाकाहारी ताटावर कोणीही बसू शकतो, उलटं होत नाही. मला हे वाक्य फार आवडलं होतं. मागच्या खुर्चीवरून एक मालवणच्या बाई म्हणाल्या, ‘अहो, लंगर गुरूच्या घरचं आहे. तिथे वर्गणी देऊन जेवायला जातं का कोणी?’ लोक हसले. ठराव पास झाला. हात वर करणाऱ्यांत निम्मे घरी मासे खाणारे होते. चारचौघांत नको म्हणाले. हे ‘चारचौघांत नको’ काय असतं, पांडुरंगा? आपल्या लोकांत मांस खाणाऱ्याला चारचौघांत जरा खाली का बघावं लागतं? त्याला तसं बघायला शिकवलं कोणी?

सहल फिश क्रीकला झाली. वांग्याचं भरीत, मसालेभात, जिलबी. जेवणं उरकल्यावर मी पिंपात पत्रावळी टाकून पार्किंगच्या बाजूने येत होतो. कोल्हापूरकडचं एक कुटुंब, नवरा-बायको आणि सहा वर्षांचा मुलगा, आपल्या गाडीची डिकी उघडून आत पाय सोडून बसलं होतं. मध्ये स्टीलचा चार पुडांचा डबा. सुकं मटण आणि भाकरी. कांदा फोडलेला, बुक्कीने, चिरलेला नाही. मला सगळ्यात आधी मुलाने पाहिलं आणि तो बारीक आवाजात म्हणाला, ‘काका आले, झाका.’

बाईंनी ओढणी डब्यावर टाकली. नवरा माझ्याकडे बघून हसला आणि भरीत झकास होतं म्हणाला. मी न बघितल्यासारखं केलं, थँक्यू म्हणून पुढे गेलो. आणि घरी पोचेपर्यंत मला स्वतःचं कौतुक वाटत होतं, की बघ, आपण काही बोललो नाही! पुढच्या वर्षीपासून ते कुटुंब यायचं बंद झालं. खजिनदार या नात्याने माझ्या वहीत त्यांच्या नावापुढे ‘नूतनीकरण नाही’ एवढंच आहे.

परवाच्या ऑगस्टमध्ये डोंबिवलीहून चुलतभावाचा फोन आला, वैतागलेला. कल्याण-डोंबिवली महापालिकेने पंधरा ऑगस्टला मटण-चिकनची दुकानं बंद ठेवायचा हुकूम काढला होता. नागपूर, मालेगाव, छत्रपती संभाजीनगर, तिकडेही तसंच. ‘स्वातंत्र्य मिळालं त्या दिवशी मी काय गिळायचं हे आता वॉर्ड ऑफिसर सांगणार,’ असं तो म्हणाला. माझ्या तोंडावर आलं होतं: एकच दिवस तर आहे. मी ते गिळलं. कारण बघ, इथे मी वीस वर्षं ओरडतोय, की तुम्ही बहुसंख्य आहात म्हणून माझ्या ताटाचा विचार नको का करायला? आणि तिथे माझ्या ताटाला अधिकारी मिळाला, शिक्का मिळाला, तर मला दुसऱ्याचं ताट दिसेना. मी तोच आहे. फक्त विमान बदललं.

आता अण्णा.

माण तालुक्यातलं आमचं गाव तुला माहीत आहे. अण्णा वारीला जाताना तुला तिकडूनच हाक मारत निघायचे. चैत्रात जत्रा. पालखीच्या दुसऱ्या दिवशी बकरी पडायची. घरात अण्णा एकटे माळकरी. चुलते, आत्याचे यजमान, आईच्या माहेरचे, सगळे खाणारे. आईसुद्धा लग्नाआधी खायची, पुढे सोडलं, आणि का सोडलं हे तिला कोणी विचारलं नाही, मीही नाही. वशाट घरात शिजायचं नाही. अंगणात चिंचेखाली तीन दगडांची चूल, तिची भांडी वेगळी, ती गोठ्याच्या आढ्याला टांगलेली असत. आणि त्या चुलीला लागणारी लाकडं अण्णा फोडायचे. दुपारपासून. धोतर खोचून. बाभळीची ढलपी उडून अंगणभर व्हायची. वर्गणी सगळ्यांइतकीच देत, बकऱ्याची म्हणून वेगळी काढून घेत नसत. संध्याकाळी मसाला परतायला घेतला की ओट्यावर बसून म्हणत, ‘कांदा कच्चा वास मारतोय अजून. घाई करू नका.’ आणि चुलते झाऱ्याने ढवळता ढवळता म्हणत, ‘दादा, तुम्ही म्हणाल तेव्हा पाणी घालतो.’ ज्याने आयुष्यात तो रस्सा चाखला नाही, त्याच्या नाकावर अख्ख्या भावकीचा रस्सा ठरायचा.

मग देवळापुढून पुकारा व्हायचा: माळकऱ्यांची वेगळी सोय ओवरीत केलेली आहे. ओवरीत पिठलं, भाकरी, ठेचा, गुळवणी. ते माळकरीच रांधत. दहा-बाराजण असतील. जेवून अण्णा चिंचेखाली येऊन बसत आणि शेवटचा माणूस उठेपर्यंत पाणी वाढत. मला लहानपणी वाटायचं, अण्णांना वास सहन कसा होतो. आता वाटतं, त्यांनी माळ घातली होती ती तुझ्यासाठी, भावांच्या विरोधात नव्हे.

पण गावाचे उगाच गोडवे गात नाही. तुझ्यापुढे तर नाहीच. त्याच जत्रेत आणखी एक वेगळी सोय होती, वेशीपलीकडे, पाण्याच्या खालच्या अंगाला. तिचा पुकारा करावा लागत नसे. त्या लोकांना ठाऊक असायचं. त्या पंगतीचं कारण पानात काय वाढलंय हे नव्हतं, पानावर कोण बसलंय हे होतं. आणि अण्णांनी, लाकडं फोडणाऱ्या, सगळ्यांना पाणी वाढणाऱ्या माझ्या अण्णांनी, त्या पंगतीत जाऊन पाणी वाढल्याचं मला आठवत नाही. मी आठवायचा फार प्रयत्न केला आहे. पुण्यामुंबईत आजही ‘फक्त शाकाहारी कुटुंबासाठी’ असं घरमालक म्हणतो, तेव्हा त्याला नेमकं काय विचारायचं असतं, ते विचारणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही कळतं.

म्हणून मी त्या मनगटावरच्या डागाकडे परत परत येतो. ती किळस मी शिकलो कुठे? ओवरीत, की वेशीपाशी? या दोन धारा माझ्यात कुठे मिसळल्या ते मला सापडत नाही. तुला सापडत असेल तर मला दाखव. हे एक मागणं झालं.

दुसरं असं. इथे उत्तरेला, नुनावुतमध्ये, रँकिन इनलेट म्हणून इनुइटांचं गाव आहे. २००९ च्या मे महिन्यात तिथल्या मेळाव्याला मिशेल जाँ गेल्या होत्या, तेव्हाच्या गव्हर्नर जनरल, म्हणजे या देशातल्या राणीच्या प्रतिनिधी. त्याच महिन्यात युरोपच्या संसदेने सीलच्या कातड्याच्या व्यापाराविरुद्ध मतदान केलं होतं. समोर सील कापला गेला. बाईंनी सुरी घेतली, कापायला हात लावला आणि त्याच्या हृदयाचा कच्चा तुकडा तोंडात घातला, सगळ्यांदेखत. जगभर ओरड झाली. मी तो फोटो बघून पान उलटलं होतं. पण कधी कधी माझ्या मनात येतं, की अण्णांना तिथे नेऊन उभं केलं असतं तर? ते आधी माती बघायला खाली वाकले असते. खाली बर्फ, त्याखाली गोठलेली जमीन, एक झाड नाही. ज्वारी नाही, तूर नाही. सभोवार बघून ते म्हणाले असते, ‘मग खातील काय?’ आणि बहुतेक त्यांनी चुलीला सरपण कुठे मिळेल याची चौकशी सुरू केली असती. मला ते वाकणं दे. मी उभ्या उभ्याच मत देतो.

किळस काढून घे असं म्हणत नाही. ती गेली तर माझ्या माळेत काय उरेल, मला भरवसा नाही, खरं सांगतो. आणि उद्यापासून मी चिमटा धरेन असंही कबूल करत नाही. धरणार नाही. पुढच्या जुलैत मी रसावरच उभा राहीन आणि कोणी ढकललं तर नाही म्हणेन, पण म्हणताना तुझं नाव पुढे करायचं नाही, एवढं बळ दे. ‘मला नको वाटतं,’ असं साध्या तोंडाने म्हणता येऊ दे. मिळाली तर मिळाली सॅलडची पानं. आणि त्या डुकराचं काही थोडं, माझ्या ताटाचा संबंध नसताना, मला वाटू दे. निळ्या केसांच्या पोरांना वाटतं तेवढं तरी.

उद्याच्या बैठकीत विषय तोच आहे. या वर्षीच्या सहलीला दोन शेगड्या लावायच्या का? मला माहीत आहे कोण काय म्हणेल. गणपतीची भांडी निघतील. खर्च निघेल. दुसरा तवा, दुसरा चिमटा, जादा कोळसा. मी आकडे काढलेत, माणशी दोन डॉलरही पडत नाहीत. कोणीतरी माझाच २०१८ चा ठराव वाचून दाखवेल आणि माझंच लंगरचं वाक्य मला ऐकवेल. तेव्हा मला लाज वाटेल. वाटू दे, पण मी खुर्चीवरून उठून कोपऱ्यात चहा आणायला जाऊ नये. लाकडं मी फोडतो, असं म्हणायला तिथे लाकडं नसतात. कोळशाची पोती उचलून आणीन, असं म्हणेन.

आज दुपारी त्या कोल्हापूरच्या घरी फोन केला. नंबर जुन्या वहीत होता, लागेल असं वाटलं नव्हतं. बाईंनी उचलला. मी नाव सांगितलं, तर क्षणभर काहीच नाही. मग म्हणाल्या, ‘बोला ना काका.’ बैठकीचं सांगितलं. उद्या जाता जाता तुम्हाला घेऊ का विचारलं. त्या म्हणाल्या, मुलगा आता चौदाचा झाला, तो काही यायचा नाही, आम्ही दोघं येऊ. मग जरा थांबून म्हणाल्या, ‘चहा घेऊनच निघू. पण काका, उद्या रविवार आहे. आमच्याकडे सकाळपासूनच शिजत असतं. वास चालेल ना?’

चालेल म्हणालो.

बाहेर उणे सत्तावीस आहे. गाडीच्या हीटरची वायर लावायची राहिली होती. आत्ता पायात बूट अडकवून, लावून आलो. पांडुरंगा, सकाळी गाडी तेवढी सुरू होऊ दे.